मार्ककृत शुभवर्तमान वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतले तर काय बिघडते?

बिघडत काही नाही, पण बहुतेक जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी थांबतात. उत्पत्ति आणि निर्गमचा पूर्वार्ध (पहिली दोन पुस्तके) कथांच्या ओघात सरतो. निर्गमच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापे, पडदे, कड्या आणि खांब सुरू होतात. मग लेवीयमध्ये एकामागून एक अर्पणांचे नियम. हा मजकूर टाकाऊ नाही, पण तो कशासाठी आहे हे कळायला एकूण कथानकाची दिशा आधी माहीत असावी लागते. बायबल हा ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट आवृत्तीत ६६ पुस्तके असतात, कॅथलिक आवृत्तीत ७३ (फरक फक्त जुन्या करारात आहे, नव्या कराराची २७ पुस्तके दोन्हीकडे तीच). कपाटातली पुस्तके डावीकडून उजवीकडे क्रमानेच वाचली पाहिजेत असे कोणी म्हणत नाही, इथेही तेच.

नव्याने वाचणाऱ्याला आम्ही मार्क सुचवतो. येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांत, म्हणजे शुभवर्तमानांत, ते सर्वांत लहान आहे, १६ अध्यायांचे. त्यात प्रवचने कमी, घटना जास्त. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते चारांत ते सर्वांत आधी लिहिले गेले आणि मत्तय व लूक या दोघांनी ते समोर ठेवून लिहिले. त्यामुळे मार्क नीट वाचून झाला की पुढची दोन शुभवर्तमाने निम्मी ओळखीची वाटतात.

पूर्ण वाचायला किती वेळ लागतो? रोज थोडे थोडे वाचले तर चालेल का?

मोठ्याने वाचले तर पावणेदोन ते दोन तास. पहिल्यांदा शक्यतो एका बैठकीत वाचा. ते जमत नसेल तर तीन बैठका करा: १:१ (अध्याय १, वचन १) ते ८:२६ (गालील आणि आसपासचा मुलूख), ८:२७ ते १०:५२ (यरुशलेमकडची वाट), आणि ११ ते १६ (यरुशलेमातला शेवटचा आठवडा). सोळापैकी सहा अध्याय एका आठवड्याला दिले आहेत, म्हणजे लेखकाचा भर कशावर आहे हे नुसत्या पानांवरूनही दिसते.

रोज दहा वचने हा बेत भक्तीसाठी ठीक आहे, समजण्यासाठी वाईट. पावणेसातशे वचनांना त्या वेगाने दोन महिन्यांहून अधिक लागतात. येशूला ठार मारण्याची मसलत ३:६ मध्येच सुरू होते. अटक होते १४व्या अध्यायात. मध्ये पन्नास दिवस गेले तर हा धागा हातात राहत नाही. आधी सलग वाचन, मग दुसऱ्या फेरीत रोज अर्धा अध्याय, असा क्रम ठेवा.

पहिल्या वाचनात खुणा कशा कराव्यात?

पेन्सिल घ्या आणि फक्त तीन गोष्टींवर खूण करा: जागा बदलली की (घर, होडी, डोंगर, वाट, मंदिर), लोक थक्क झाले किंवा घाबरले की, आणि येशूने कोणाला गप्प राहायला सांगितले की. आवडलेल्या वचनाखाली रेघ ओढण्याचा मोह या फेरीत आवरा. रेघा ओढलेली वचने पुढे सुटी लक्षात राहतात आणि मार्कमध्ये सुटे असे फार थोडे आहे.

कोणते मराठी भाषांतर घ्यावे?

दोन घ्या. एक बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे ‘पवित्र शास्त्र’, जे मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत सर्वत्र ऐकू येते. भाषा थोडी जुन्या वळणाची आहे, पण वाक्यरचना मूळ ग्रीकच्या बरीच जवळ राहते. दुसरे आजच्या मराठीतले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ टिपांसह आहे आणि कॅथलिक नसलेल्यांनाही उपयोगी पडते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले भाषांतर कुठे मिळाले तर तुलनेसाठी जरूर पाहावे.

जिथे दोन भाषांतरे एकसारखी आहेत तिथे पुढे चला. जिथे फरक पडतो तिथेच थांबून तळटीप पाहा. एरवी चार-पाच भाषांतरे मांडून बसण्यात वेळ जातो आणि हाती थोडे लागते. मोबाइलवर मराठी मजकूर आणि ध्वनिमुद्रण दोन्ही मिळतात. मार्क ऐकायलाही फार चांगला आहे. पहिल्या श्रोत्यांपैकी बहुतेकांनी तो वाचला नव्हता, ऐकलाच होता.

गोव्यात १६१६ साली राशोलला छापलेले फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण कित्येक जण ‘मराठीतले पहिले बायबल’ समजतात. ते ओवीबद्ध पुनर्कथन आहे, भाषांतर नव्हे. नव्या कराराचे जुने छापील मराठी भाषांतर विल्यम केरी यांचे, १८११चे, आणि तेही श्रीरामपूरचे. हे श्रीरामपूर बंगालमधले, नगर जिल्ह्यातले नाही.

मार्क ५:२१-४३ हे कसे वाचायचे? आणि मजकुरातले मथळे मूळचे आहेत का?

पाचवा अध्याय, वचन २१ ते ४३. अध्यायांची विभागणी १३व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी केलेली, नव्या करारातील वचनांचे आकडे १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने दिलेले. मथळे तर त्या त्या प्रकाशकाचे. म्हणून ‘अध्याय संपला, आज इथे थांबू’ हा नियम करू नका. ८व्या अध्यायाचे शेवटचे वाक्य प्रत्यक्षात ९:१ मध्ये येते. मथळा न वाचता परिच्छेद वाचून पाहा. पुष्कळदा मथळा गोष्टीचा निकाल आधीच लावून मोकळा झालेला असतो.

मार्क कोण होता? त्याने हे केव्हा लिहिले?

मजकुरात लेखक स्वतःचे नाव कुठेही सांगत नाही. ‘मार्क’ हे शीर्षकात आहे. पापियास या दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या धर्माध्यक्षाचे म्हणणे असे की, मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाषी होता आणि पेत्राच्या आठवणी त्याने लिहून ठेवल्या. प्रेषितांची कृत्ये १२:१२ मधला योहान मार्क तो हाच, अशी परंपरा आहे. लेखनकाळ साधारणपणे इ. स. ६५ ते ७५ मानतात. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले, ही तारीख १३व्या अध्यायासाठी लक्षात ठेवा.

एक गोष्ट चालू असताना मध्येच दुसरी का घुसते?

हे मुद्दाम केलेले आहे आणि हे एकदा दिसले की मार्क वाचण्याची पद्धतच बदलते. तो एक गोष्ट सुरू करतो, अर्धी सोडतो, दुसरी सांगून पुरी करतो आणि पहिलीकडे परत येतो. दोन्ही गोष्टी एकमेकींवर प्रकाश टाकतात. त्या वेगळ्या वाचल्या तर निम्मा अर्थ जातो.

सर्वांत स्पष्ट उदाहरण ५:२१-४३. सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडतो. त्याची मुलगी मरायला टेकली आहे. वाटेत गर्दीत रक्तस्रावाने पीडित स्त्री त्याच्या वस्त्राला शिवते. आता तपशील मोजा. स्त्री बारा वर्षे आजारी, मुलगी बारा वर्षांची. याईर नावाचा, मानाचा, समोरून येणारा. स्त्री बिननावाची, पैसा संपलेली, मागून येणारी. शेवटी दोघेही त्याच्या पायाशी. येशू तिला ‘मुली’ म्हणतो (५:३४), आणि हे बोलणे चालू असतानाच निरोप येतो की, तुझी मुलगी वारली (५:३५). स्त्रीला म्हटले, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले. याईराला पुढच्याच क्षणी म्हटले, फक्त विश्वास धर. म्हणजे अधिकाऱ्याने शिकायचे ते त्या बाईकडून. शिवाय लेवीय १५:२५-२७ उघडा: अशा स्रावाच्या काळात ती अशुद्ध, तिने वापरलेल्या वस्तूंना शिवणाराही अशुद्ध. प्रेताला शिवणाऱ्याची अशुद्धता तर सात दिवसांची (गणना १९:११). दोन्ही स्पर्शांत विटाळ येशूकडे जाण्याऐवजी बरेपण त्याच्याकडून निघते. मराठी वाचकाला विटाळ म्हणजे काय हे टिपेतून समजावून सांगावे लागत नाही. त्या बाईने मागून का गाठले हे त्याला चटकन कळते.

याच बांधणीची आणखी ठिकाणे: ३:२०-३५ (घरचे लोक, मध्ये यरुशलेमचे शास्त्री म्हणजे नियमशास्त्राचे जाणकार, पुन्हा घरचे लोक), ६:७-३० (बारा शिष्यांची पाठवणी, मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद, मग त्यांचे परतणे), ११:१२-२५ (अंजिराचे झाड, मंदिर, पुन्हा झाड), १४:१-११ (कट, मध्ये तीनशे दीनारांचे सुगंधी तेल ओतणारी स्त्री, मग पैशासाठी उलटणारा शिष्य यहूदा), १४:५३-७२ (अंगणात पेत्र, आत चौकशी, पुन्हा अंगणात पेत्र). शेवटच्यात येशूला मारत ‘आता भविष्य सांग’ असे हिणवले जाते, तेव्हाच बाहेर पेत्र त्याला नाकारत असतो, म्हणजे त्याने पेत्राबद्दल सांगितलेले शब्दशः घडत असते.

अंजिराच्या झाडाबद्दल विशेष विचारले जाते: हंगाम नसताना फळ नाही म्हणून शाप, हा अन्याय नाही का? झाड एकटे घेतले तर तसेच वाटते. मधली मंदिराची घटना (येशू तिथल्या व्यापाऱ्यांना हाकलतो) धरून वाचा. पाने भरगच्च, फळ नाही, हे मंदिराविषयी चालले आहे.

येशू लोकांना ‘कोणाला सांगू नका’ असे वारंवार का बजावतो?

१:३४, १:४४, ३:१२, ५:४३, ७:३६, ८:३०, ९:९ एका कागदावर लिहून काढा. भुते त्याला ओळखतात आणि त्यांना गप्प केले जाते. बरे झालेले लोक सांगितलेले ऐकत नाहीत आणि बोभाटा करतात. कारण अभ्यासक वेगवेगळे देतात, पण कथेचा कल ९:९ मध्ये उघड होतो: मनुष्याचा पुत्र (येशू स्वतःला असे म्हणतो) मेलेल्यांतून उठेपर्यंत सांगू नका. चमत्कारांवरून केलेली ओळख अपुरी आहे, वधस्तंभ आल्याशिवाय ती पुरी होत नाही. संपूर्ण पुस्तकात ‘हा देवाचा पुत्र होता’ असे म्हणणारा पहिला माणूस कोण, ते पाहा: १५:३९ मधला रोमन शताधिपती, येशूचा प्राण जाताना पाहून.

एक अपवाद चुकवू नका. ५:१९ मध्ये सैन्य नावाच्या भुतातून सुटलेल्या माणसाला उलट सांगितले जाते की, घरी जा आणि सांग. तो दकापलीसचा, म्हणजे परराष्ट्रीय मुलखातला.

शिष्य इतके मंद का दाखवले आहेत?

कारण वाचकाने स्वतःला त्यांच्याहून शहाणे समजू नये. ८:२२ ते १०:५२ हा भाग सलग वाचा. त्याच्या दोन्ही टोकांना आंधळ्यांची गोष्ट आहे. बेथसैदात आंधळा दोन टप्प्यांत बरा होतो. आधी त्याला माणसे झाडांसारखी दिसतात. लगेच पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस, आणि दोन वचनांनंतर दुःखसहनाचे नाव काढताच येशूला दटावू लागतो. त्यालाही अर्धेच दिसले. पुढे तीन वेळा येशू आपला मृत्यू सांगतो (८:३१, ९:३१, १०:३३-३४) आणि तिन्ही वेळा शिष्य भलतीकडे जातात: पेत्राचे दटावणे, सर्वांत मोठा कोण हा वाद, याकोब-योहानाची उजव्या-डाव्या आसनांची मागणी. शेवटी यरीहोजवळ बार्तीमय. तो एकदम डोळस होतो आणि ‘वाटेने त्याच्यामागे’ चालू लागतो. ही वाट यरुशलेमला जाते.

पाच हजारांना जेवण आणि चार हजारांना जेवण, एकच गोष्ट दोनदा का?

८:१४-२१ मध्ये येशू स्वतः दोन्हींची उजळणी घेतो: किती टोपल्या उरल्या? बारा. आणि किती पाट्या? सात. तेव्हा लेखकाच्या लेखी या दोन स्वतंत्र घटना आहेत आणि दोन्ही हव्या आहेत. पहिली गालीलात, दुसरीच्या आधी ७:३१ मध्ये येशू दकापलीस प्रांतात पोचला आहे. पहिली भाकर यहूद्यांना, दुसरी परराष्ट्रीयांना, असा अर्थ पुष्कळ भाष्यकार घेतात.

या दोन गोष्टींच्या मध्ये, ७:२४-३० मध्ये, सोर प्रांतातली परराष्ट्रीय आई येते आणि विषय भाकरीचाच आहे: मुलांची भाकर कुत्र्यांना टाकणे बरे नाही, असे येशू म्हणतो. हे वाक्य कानाला बोचते आणि ते मऊ करण्याचा खटाटोप करू नये. ती बाई त्याच वाक्यातली उपमा पकडून उत्तर देते, मेजाखालचे चुरे मागते आणि जिंकते. या शुभवर्तमानात वादात येशूला निरुत्तर करणारी तीच एक.

दाखले कसे वाचावेत? प्रत्येक गोष्टीला काहीतरी अर्थ असतोच का?

नसतो. पेरणाऱ्याच्या दाखल्याचा मुद्देसूद उलगडा मजकुरातच आहे (४:१४-२०): वाट, खडक, काटेरी झुडपे, चांगली जमीन. तसा उलगडा पाहून लोक मोहरीच्या दाण्यातल्या पाखरांपासून फांद्यांपर्यंत प्रत्येकाला अर्थ चिकटवू लागतात. त्याऐवजी तीन गोष्टी पाहा: दाखला कोणाला सांगितला, त्यात नेहमीच्या व्यवहाराला न धरून काय आहे, आणि ऐकणाऱ्यांनी पुढे काय केले. १२:१-१२ मधला द्राक्षमळ्याचा दाखला याचा नमुना. कुळे मालकाच्या मुलाला मारतात तरी वतन आपले होईल असे समजतात, हा वेडेपणा. आणि १२:१२ सांगते की, पुढाऱ्यांना तो आपल्याला उद्देशून आहे हे कळले. आधी यशया ५:१-७ वाचले असेल तर कुंपण, द्राक्षकुंड, बुरूज हे शब्द कुठून आले ते लगेच दिसते.

आपोआप उगवणाऱ्या बीचा दाखला (४:२६-२९) फक्त मार्कमध्ये आहे. शेतकरी रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी कसे वाढते ते त्याला कळत नाही. मंडळ्यांमधून त्यावर क्वचितच प्रवचन होते. बहुधा त्यात माणसाने करण्याजोगे फारसे काही नसल्यामुळे.

जुना करार माहीत नसेल तर किती अडते?

पुढची पाने आधी वाचून ठेवली तर फार अडत नाही: निर्गम १२ (वल्हांडण, म्हणजे मिसरमधून सुटकेचा सण), स्तोत्र २२, यशया ४०:१-११, यशया ५:१-७, यिर्मया ७:१-१५, दानीएल ७:९-१४, जखऱ्या ९:९-१०. तासाभराचे वाचन. त्यातही स्तोत्र २२ चुकवू नका. मार्क १५ मध्ये कपड्यांवर चिठ्ठ्या टाकणे, डोकी हालवून हिणवणे आणि ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही तिन्ही त्याच स्तोत्रातली आहेत, पण उलट्या क्रमाने. काही कॅथलिक आवृत्त्यांत ग्रीक क्रमानुसार हेच स्तोत्र २१वे असते. आकडा जुळला नाही तर एक कमी करून पाहा.

अवतरणे शब्दशः जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. १:२-३ मध्ये यशयाचे नाव आहे, पण पहिला भाग मलाखी ३:१ शी जुळतो. २:२६ मध्ये दावीदाने पवित्र भाकरी खाल्ल्याच्या प्रसंगी याजक म्हणून ‘अब्याथार’ आहे, तर १ शमुवेल २१ मध्ये त्या प्रसंगी याजक आहे त्याचा बाप अहीमलेख. हे फरक प्राचीन वाचकांच्याही नजरेला आले होते. मत्तय आणि लूक तीच गोष्ट सांगताना अब्याथाराचे नाव गाळतात.

दिवस, प्रहर, नाणी यांचा हिशेब कसा लावायचा?

दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. १:३२ मध्ये लोक सूर्य मावळल्यावरच आजाऱ्यांना आणतात, कारण तेव्हा शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) संपतो आणि ओझे वाहता येते. १५:४२ मधली प्रेत उतरवण्याची घाई याच हिशेबातली. दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजायचे: तिसरा तास म्हणजे सकाळचे नऊ, सहावा म्हणजे दुपारचे बारा, नववा म्हणजे तीन. रात्रीचे चार पहारे रोमन पद्धतीचे. आपल्याकडेही रात्रीचे चार प्रहर, प्रत्येकी तीन तासांचे, असल्यामुळे ६:४८ मधला ‘चौथा प्रहर’ मराठीत अचूक बसतो: पहाटे तीन ते सहा. १३:३५ मध्ये हे चारही पहारे ओळीने मोजले आहेत (संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, सकाळ). त्यानंतर अध्याय १४ ते १५:१ पर्यंतची रात्र त्यांना लावून पाहा आणि शिष्य प्रत्येक पहाऱ्यात काय करत होते ते लिहा.

नाण्यांत एकच माप पाठ करा: एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दोनशे दीनारांच्या भाकरी (६:३७) म्हणजे सहा-सात महिन्यांची कमाई, तीनशे दीनारांचे तेल (१४:५) म्हणजे जवळपास वर्षाची. विधवेची दोन नाणी (१२:४२) मिळून दीनाराचा चौसष्टावा भाग. जुन्या धाटणीच्या भाषांतरांत दीनाराच्या जागी ‘रुपये’ छापलेले असते; आजच्या रुपयाने वाचले तर या तिन्ही गोष्टी हास्यास्पद होतात.

परूशी आणि शास्त्री म्हणजे दुष्ट लोक, असे समजावे का?

नाही. परूशी हे नियमशास्त्र रोजच्या जगण्यात आणू पाहणारे लोक, शास्त्री हे त्याचे जाणकार, सदूकी हे मंदिराशी जोडलेले आणि पुनरुत्थान न मानणारे. वाद होतात ते घरातले वाद आहेत: येशू, शिष्य आणि विरोधक सगळे यहूदीच. १२:२८-३४ मधल्या शास्त्र्याला येशू म्हणतो, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. याईर सभास्थानाचा अधिकारी, अरिमथाईकर योसेफ न्यायसभेचा सभासद. हे न पाहता केलेल्या वाचनाने युरोपात यहूद्यांचे शतकानुशतके हाल झाले आहेत.

६:३ मध्ये येशूच्या भावा-बहिणींचा उल्लेख आहे. ते सख्खे की चुलत?

बहुतेक प्रॉटेस्टंट सख्खे मानतात, कॅथलिक जवळचे नातेवाईक मानतात, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या योसेफाची आधीच्या विवाहातली मुले मानतात. मार्कला इथे सांगायचे आहे ते वेगळेच: गावच्या लोकांना तो इतका ओळखीचा होता की ते अडखळले.

काही वचनांचे आकडेच गायब आहेत. आणि शेवटच्या बारा वचनांभोवती कंस का?

७:१६, ९:४४, ९:४६, ११:२६ आणि १५:२८ ही वचने आजच्या बऱ्याच भाषांतरांत नसतात किंवा टिपेत असतात. कोणी कापलेली नाहीत. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाहीत. पुढच्या नकलाकारांनी ओळखीची वाक्ये पुन्हा घातली. ९:४४ आणि ९:४६ हे ९:४८ चेच शब्द, ११:२६ हे मत्तय ६:१५ सारखे, १५:२८ हे लूक २२:३७ वरून. छापील आकडे १६व्या शतकातले असल्यामुळे वचन गेले तरी आकड्याची जागा रिकामी राहते.

शेवटाचा प्रश्न मोठा आहे. चौथ्या शतकातली सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस ही दोन महत्त्वाची हस्तलिखिते १६:८ ला संपतात: स्त्रिया कबरेपासून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. ९ ते २० ही वचने बहुसंख्य पुढच्या हस्तलिखितांत आहेत, पण सांधा दिसतो. १६:१ मध्ये आलेल्या मग्दालीया मरीयेची १६:९ मध्ये नव्याने ओळख करून दिली जाते, आणि गालीलातल्या भेटीचे वचन (१६:७) तसेच राहते. कॅथलिक मंडळी हा भाग प्रमाण शास्त्रात धरते. प्रॉटेस्टंट आवृत्त्या तो छापतात, पुष्कळदा कंसात. व्यवहारात एवढे करा: एकदा ८व्या वचनावर थांबून पुस्तक मिटा, दुसऱ्यांदा २०पर्यंत वाचा. साप उचलणे, विष पिणे यांविषयीच्या १६:१८ वरून स्वतःची किंवा कोणाची परीक्षा पाहू नका. या वाक्यावर भरवसा ठेवून अमेरिकेत माणसे सर्पदंशाने मेली आहेत.

इतर शुभवर्तमानांशी तपशील जुळत नाहीत तेव्हा काय करावे?

जुळवत बसू नका. आधी फरक लिहून ठेवा. यरीहोला मार्कमध्ये एक आंधळा, मत्तय २०:३० मध्ये दोन. मार्कमध्ये कोंबडा दोनदा आरवतो, इतरांत एकदा. वधस्तंभाची वेळ मार्कमध्ये तिसरा तास, तर योहान १९:१४ मध्ये सहाव्या तासाच्या सुमारास येशू अजून रोमन सुभेदार पिलातासमोर आहे. चारांचे मिश्रण करून पाचवी गोष्ट तयार केली की प्रत्येकाचे म्हणणे हरवते. नाताळच्या देखाव्यात मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी, मत्तयातले) आणि मेंढपाळ (लूकमधले) एकत्र उभे असतात ते याच सवयीने. मार्कमध्ये तर जन्मकथाच नाही. डोंगरावरचे प्रवचन आणि प्रभूची प्रार्थनाही नाही.

१३वा अध्याय जगाच्या अंताबद्दल आहे का? सध्याच्या युद्धांशी त्याचा संबंध?

सुरुवात मंदिराच्या दगडांपासून होते (१३:१-४) आणि शिष्यांचा प्रश्नही तोच असतो: हे केव्हा होईल? इ. स. ७०चा विध्वंस पहिल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर होता किंवा उंबरठ्यावर होता. पुढे दानीएल ७ मधली मेघांवर येणाऱ्या मनुष्यपुत्राची प्रतिमा येते, म्हणून अध्याय तेवढ्यावर संपतही नाही. पण लढायांबद्दल ऐकाल तेव्हा घाबरू नका, ‘एवढ्यात शेवट नाही’ (१३:७), आणि तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही (१३:३२), ही वाक्ये वाचून झाल्यावरही व्हॉट्सअॅपवर तारीख फिरवणाऱ्याला काय म्हणावे?

गटात वाचायचे असेल तर कसे?

पाच ते आठ जण, एक तास, एक प्रसंग. दहा मिनिटे मोठ्याने वाचन, दोनदा, वेगळ्या आवाजांत. पाच मिनिटे शांतता. पुढचा अर्धा तास एकच शिस्त: फक्त मजकुरात असलेलेच बोलायचे. कुठे घडले, कोण बोलले, कोण गप्प राहिले, आधी काय झाले, पुढे काय होते. ‘मला यातून काय वाटते’ शेवटच्या पंधरा मिनिटांत. गट बहुधा दोन कारणांनी बिघडतो: कोणी वडीलधारे प्रवचन सुरू करतात, किंवा कोणी उडी मारून रोमकरांस पत्रात पोचतो. पहिल्यावर उपाय म्हणजे वाचून दाखवण्याचे काम त्यांना द्यावे. दुसऱ्यावर, आजच्या पानाबाहेरचा संदर्भ कागदावर टिपून पुढच्या वेळेसाठी ठेवावा.

कॅथलिक धर्मग्रामांत मार्क रविवारच्या मिस्सेत दर तिसऱ्या वर्षी येतो. पुढचे ‘ब’ वर्ष, म्हणजे मार्कचे वर्ष, २९ नोव्हेंबर २०२६ला आगमनकाळाच्या (नाताळपूर्वीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी सुरू होते. उन्हाळ्यानंतर पाच रविवार मार्क थांबवून योहानाचा ६वा अध्याय वाचतात, तेव्हा गोंधळू नये.

भाष्यग्रंथ केव्हा उघडावा?

स्वतःचे प्रश्न लिहून झाल्यावर. आधी उघडला तर त्याचीच उत्तरे दिसतात, तुमचे प्रश्न सुचतच नाहीत. नकाशा मात्र पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. गालीलचा समुद्र म्हणजे सुमारे २१ किलोमीटर लांबीचे गोड्या पाण्याचे तळे, हे माहीत असले की होडीच्या फेऱ्या समजतात.

मी ख्रिस्ती नाही. वाचायला काही विधी, परवानगी लागते का?

काही नाही. पुस्तक कोणत्याही ग्रंथासारखे हाताळता येते, कुठेही बसून वाचता येते.

मार्क झाल्यावर काय?

लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये. दोन्ही एकाच लेखकाची, मिळून ५२ अध्याय, आणि दुसरे पहिल्याच्या पुढचा भाग आहे. नंतर मत्तय, कारण तोवर मार्कचा मजकूर त्याने कुठे वाढवला आणि कुठे छाटला ते ओळखू येते. योहान वेगळ्या चालीचा आहे, त्याला घाई करू नये. पत्रांत आधी फिलेमोन घ्या, ते एका पानाचे आहे, मग फिलिप्पै. प्रकटीकरण दानीएल आणि यहेज्केल वाचून होईपर्यंत बाजूला ठेवा.